गेट वाढवले आहे

मी तोंडाचा फटकळ माणूस आहे. शिरूरच्या बाजारात ज्याचं बालपण गेलं त्याला गोड बोलायला कोण शिकवणार? त्यात पोटापाण्याला सॉफ्टवेअरचा धंदा असा मिळाला की तिथली भाषा खाटकाची. अडकलेला प्रोग्रॅम आम्ही 'मारतो', नको असलेला कंटेनर 'उडवतो'. शिक्रापूरच्या ऑफिसात रुजू झालो त्याच आठवड्यात मी असंच काहीतरी मोठ्यानं बोललो, तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "उडवला काय म्हणतोस रे? वाढवला म्हण."

त्या आमच्या ताई. माझ्याहून वयानं थोड्या मोठ्या, हुद्द्यानं बऱ्याच. माहेर पाटसकडचं, ऊसवाल्यांचं. सासर कासुर्डीला, घरची फुलशेती आणि रस्त्याला लागून किराणा दुकान. बहुतेक दिवस त्या घरूनच काम करतात. ऑफिसला यायचं असेल त्या दिवशी दोन एसट्या बदलून येतात आणि येताना पिशवीभर शेवंती आणतात. टायरच्या दुकानावरचं आमचं ते ऑफिस, खालून दिवसभर ट्रक जातात, टेबलावरचा चहा आपोआप ढवळला जातो. तिथे त्या शेवंतीचा काय उपयोग, हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, फुलं मिळाली.

आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, तोही वाढवतात. बांगडी फुटत नाही, ती वाढते. ज्यानं आपलं भलं केलं त्याच्या शेवटाला वाईट शब्द लावायचा नाही, एवढाच त्यामागचा भाव. ताईंच्या सासूबाई रोज संध्याकाळी दुकान वाढवतात, तशा ताई कंटेनर वाढवायच्या. मला हसू आवरायचं नाही.

"ताई, मशीनला काय कळतंय?" मी म्हणायचो.

"मशीनला न्हाई कळत. तुला कळतंय ना, तेवढं बास."

आमचं काम होतं दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं. हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते. गेटवर आलेल्या प्रत्येक गाडीला नंबर मिळतो, नंबर पुकारला की गाडी वजनकाट्यावर जाते आणि मग ऊस गाळपाच्या गव्हाणीत पडतो. पूर्वी हा नंबर कागदी टोकनावर असायचा. आम्ही तो एसएमएसनं ड्रायव्हरच्या मोबाइलवर आणला, आणि यार्डात एक मोठा स्क्रीन लावला, ज्यावर पुढचे नंबर दिसतात. ड्रायव्हरला आता स्टिअरिंगला चिकटून बसावं लागत नाही. तो जेवायला जाऊ शकतो, झाडाखाली पाठ टेकू शकतो.

हे सगळं चालतं कंटेनरांत. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामानसुमान एकत्र भरलेला डबा. असे पुष्कळ डबे, अनेक मशीनवर पसरलेले, आणि त्या सगळ्या मशीनचा मिळून एक कारभार, त्याला क्लस्टर म्हणतात. गेटला किती डबे, काट्याला किती, कुणाला किती मेमरी, हे माणूस बसून हातानं सांगू शकतो. पण ऊस काही माणसाच्या सोयीनं येत नाही. म्हणून ताईंनी एक प्रोग्रॅम लिहिला, आणि तो क्लस्टरशी परस्पर बोलायला लागला. त्यासाठी क्लायंट लायब्ररी असते. आपल्या प्रोग्रॅमला क्लस्टरची भाषा बोलता यावी म्हणून कुणीतरी आधीच करून ठेवलेली सोय, असं समजा. गेटवर गर्दी झाली की ताईंचा प्रोग्रॅम क्लस्टरला म्हणतो, गेटचे डबे वाढू दे. काट्यावर सामसूम असेल तर तिथली मेमरी इकडे घेतो. हे सगळं ठरवून दिलेल्या मर्यादेत. त्या मर्यादेपुढे जायचं तर माणसानं हुकूम द्यायचा.

मी इतरांचं कोड वाचताना सहसा शिव्या देतो. ताईंचं कोड वाचताना मात्र मला माझी खुर्ची पुढे ओढावीशी वाटायची. आत काय चाललंय ते एखाद्या शहाण्या बाईनं शेजारी बसून सांगावं तसं ते कळत जायचं. मेमरीच्या वाटपाचंच घ्या. क्लस्टरमध्ये प्रत्येक डब्यासाठी दोन आकडे सांगायचे असतात, हक्काचं किती आणि जास्तीत जास्त किती. मी दोन्ही आकडे अंदाजे ठोकून मोकळा व्हायचो. ताईंनी मला थांबवलं. "पंगत बघितली न्हाईस का कधी? आधी सगळ्यांच्या पानात एकेक वाढायचं. पान रिकामं ऱ्हायलं न पायजे कुणाचं. आग्रह मग, भांड्यात उरलं तर." त्या दिवसापासून ते दोन आकडे लिहिताना माझा हात सावकाश चालतो. एवढ्या साध्या शब्दांत मला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

प्रोग्रॅममधल्या हुकमांची नावंही त्यांनी मराठीच ठेवली होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. डबे सुरू करायचे तर 'उघड'. जास्तीचे लावायचे तर 'जोड'. आणि बंद करायचे तर, अर्थातच, 'वाढव'.

हा 'वाढव' म्हणजे त्यांच्या कामातला सगळ्यात देखणा भाग. क्लस्टरला 'डबे शून्यावर आण' एवढं सांगितलं तरी काम होतं. डब्याला आवराआवरीची थोडी सवड मिळते, ती संपली की त्याचा गळा दाबला जातो. ताईंना ते मंजूर नव्हतं. गेटवर येऊन उभी राहिलेली, माहिती सांगितलेली, पण नंबर अजून हातात न पडलेली एखादी गाडी त्या क्षणी डब्याच्या पोटात असू शकते, ती हरवेल. म्हणून त्यांचा हुकूम आधी प्रत्येक डब्याचं लेबल बदलायचा, म्हणजे नवी गाडी त्याच्याकडे येणार नाही. दुकानाची फळी अर्धी लावतात ना, तसं. मग आत असलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर पुरा करायचा, पक्क्या नोंदीत लिहायचा, ड्रायव्हरला पाठवायचा. लायब्ररीतल्या ज्या सोयीनं क्लस्टरमधली हालचाल ऐकता येते, त्यावर कान लावून बसायचा. सगळ्या डब्यांनी "झालं" म्हटलं की मगच त्यांना निरोप द्यायचा. मी म्हणालो, "ताई, एवढे लाड? दोन ओळींचं काम आहे." त्या म्हणाल्या, "दोन ओळींत गिऱ्हाइकाला हाकलून देता येतं. दुकान वाढवता येत न्हाई."

एवढी काळजी कशासाठी, ते मला पुढे कळलं. त्यांचे वडील ऊस घेऊन याच कारखान्याच्या यार्डात उभे राहायचे. त्यांचा नंबर यायचा आणि ऐन वेळी कुणा संचालकाची, कुणा पुढाऱ्याच्या मेव्हण्याची गाडी पुढे घुसायची. बळी तो कान पिळी. ऊस वाळायचा, वजन घटायचं. वडील घरी येऊन जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडायचे. शेवटी त्यांनी ऊस लावणंच सोडलं. "नंबर असून नंबर नव्हता त्यांना," ताई मला म्हणाल्या. हे सांगताना त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

आणि आता सगळं त्याच नंबरावर येऊन ठेपलं होतं. हंगामाच्या आधी कारखान्यात बैठक झाली. संचालकांपैकी निम्म्यांना मोबाइलचा नंबर डोळ्यांत खुपत होता, कारण त्यात घुसता येत नव्हतं. एका संचालकानं मिशीवरून हात फिरवत अट घातली. "करा सुरू. पण एक जरी नंबर हरवला, न्हाईतर एक जरी गाडी चुकून पुढं गेली, तर त्याच दिवशी तुमचा टीव्ही खाली आन् आमचं टोकन वर." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अट वाईट न्हाई. माझी बी तीच हाय."

हंगाम लागला. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका सकाळी गिरणीचा कसलातरी भाग तुटला, गाळप थांबलं, आणि दुरुस्ती होऊन दुपारी सुरू झालं तोवर चारी दिशांनी गाड्या येऊन थडकल्या होत्या. त्या दिवशी ताई आणि मी यार्डातच होतो, काट्याशेजारच्या खोलीत. सोबत यार्डाचे मुख्य, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांची हयात कागदी टोकनं फाडण्यात गेलेली. आमच्या यंत्रणेवर त्यांचा राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. गेटवर गाड्यांचा नुसता खच पडला. नंबर मिळायला वेळ लागू लागला. प्रोग्रॅमनं आपल्या मर्यादेपर्यंत डबे केव्हाच लावले होते, आता माणसाचा हुकूम हवा होता. आणि यार्डातला प्रत्येक ड्रायव्हर मोबाइलवर गाणी बघत असल्यामुळे ताईंच्या लॅपटॉपला इंटरनेट मिळेना. साधा फोन आणि एसएमएस तेवढे चालत होते.

ताईंनी शिक्रापूरच्या ऑफिसात फोन केला. तिथे आमचा चिंचवडचा सहकारी होता, अनुभवी आणि कामाला चोख, आमच्याकडे नुकताच आलेला. ताई घाईत म्हणाल्या, "गेटचे डबे वाढव. लगेच."

त्यानं प्रोग्रॅम उघडला, हुकमांची यादी बघितली. समोरच 'वाढव' होता. चिंचवडला दुकानांची शटरं पडतात, ती कुणी वाढवत नाही. वाढवणे म्हणजे जास्त करणे, एवढंच त्याला ठाऊक. ताईंचा शब्द आणि ताईंचा हुकूम, दोन्ही जुळले. त्यानं बिचाऱ्यानं 'गेट, वाढव' असं टाकलं आणि वर फोनवर सांगितलं, "ताई, वाढवले."

त्याचं काय चुकलं? मला आजही काही सापडत नाही. जन्मात जिच्या तोंडून 'बंद' हा शब्द निघाला नाही, त्या बाईनं गर्दीच्या वेळी 'जास्त कर' या अर्थी 'वाढव' म्हटलं, आणि तिच्याच प्रोग्रॅमनं तिचं नेहमीच्या अर्थानं ऐकलं.

आम्हाला कळलं ते मोठ्या स्क्रीनवरून. नंबर गेले. काळा पडदा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, 'गेट वाढवले आहे. आपला नंबर जपून ठेवला आहे.'

ताईंनी फोन कानाला लावून ओरडून सांगितलं, "अरे उघड! उघड टाक!" तिकडून तो म्हणत होता की वाढवायचं काम अजून पुरं व्हायचंय, मध्येच दुसरा हुकूम घेत नाही. घेणारच नव्हता, तसं त्यांनीच लिहिलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर एवढा मोठा जमाव, एक गाडी हलली की सगळ्या हलणार, आणि त्यातली एक जरी पुढे गेली तर संध्याकाळी टोकनांचे गठ्ठे बाहेर निघणार.

आणि गाडी हललीच. रांगेच्या बाजूनं, धुरळा उडवत, डबल ट्रॉलीचा एक कोरा ट्रॅक्टर पुढे आला आणि गेट ओलांडून काट्याकडे वळला. आप्पा खिडकीतून डोकावून म्हणाले, "झालं. संचालकाची गाडी हाय." तोच तो, मिशीवाला.

एक ड्रायव्हर आडवा आला. "ओ! नंबर कुठाय?"

ट्रॅक्टरवाला वरूनच हसला. "वाचता येत न्हाई का? गेट वाढवलंय. म्हंजी रुंद केलंय. आता दोन गाड्या बसत्यात."

सांगायला लाज वाटत नाही, तशा अवस्थेतही मला हसू फुटलं. इतकं हजरजबाबी खोटं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. ताई मात्र दारातून बाहेर धावल्या. मी त्यांच्या मागे. त्या काय करणार होत्या मला माहीत नाही. ट्रॅक्टरसमोर उभ्याही राहिल्या असत्या.

त्याची गरज पडली नाही. झाडाखालून, चहाच्या टपरीवरून, उसाच्या ढिगाआडून ड्रायव्हर उठून येऊ लागले. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. स्क्रीन काळा होता, पण त्या काही मिनिटांत ताईंचे डबे आपलं काम निगुतीनं आटपत होते. फोन एकामागून एक वाजत होते. गेटवर ज्यांची माहिती नुकती घेतली होती, त्यांचेही नंबर येऊन पडत होते. "माझा आला," कुणीतरी म्हणालं. "माझा बी." मग त्यांनी काय करावं? कुणी सांगितलं नसताना त्यांनी आपापले नंबर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि ज्याच्या पुढे जो, तसे ते उभे राहिले. बीडकडचे, जामखेडकडचे, न्हावऱ्याचे, पाटसचे. स्क्रीनचं काम माणसं करायला लागली.

"तुझा किती?" त्यांनी संचालकाच्या ड्रायव्हरला विचारलं.

त्यानं खिशातून मोबाइल काढला, बघितला, पुन्हा खिशात घातला. "साहेबांची गाडी हाय," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"साहेबांची असंल. नंबर किती साहेबांचा?"

त्यानं आप्पांकडे बघितलं. मीही बघितलं. सगळ्या यार्डानं बघितलं. आप्पांनी आजवर अशा किती गाड्यांना मुकाट्यानं हात दाखवून पुढे घेतलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. ते खोलीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मागं घे बाबा. माझ्या हातात टोकन न्हाई आता. मी तरी काय करू?"

भरलेली डबल ट्रॉली मागे घेणं हे भल्याभल्यांना जमत नाही. मागची ट्रॉली एकीकडे, मधली दुसरीकडे, आणि पुढचा ट्रॅक्टर तिसरीकडे तोंड करतो. तो पठ्ठ्या घामाघूम झाला. शेवटी ज्यांनी त्याला अडवलं होतं तेच दोन्ही बाजूंनी उभे राहून त्याला सांगू लागले, "डावीकडं मार... आता सरळ... हळू, हळू... यू दे, यू दे!" शिवी नाही, टाळी नाही. ट्रॉली रांगेच्या शेपटीला जाऊन लागली तेव्हा कुणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यात स्क्रीन उजळला. तिकडून फोनवर चिंचवडचा सहकारी म्हणत होता, वाढवून झालं, आता उघडलं, आणि 'जोड'ही लावला. आप्पांनी चष्मा चढवला आणि नंबर पुकारायला घेतले. एक, त्याच्या मागचा, त्याच्या मागचा. बहुतेक ड्रायव्हर आधीच त्याच क्रमानं उभे होते. मधला एकही तुटला नाही. आप्पा मध्येच थांबले, स्क्रीनकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि ताईंना म्हणाले, "बाई, एक बी हरवला न्हाई." मला वाटतं, त्यांनाही ते मोठ्यानं ऐकायचं होतं.

मला ताईंबद्दल जे वाटतं ते मी एरवी टवाळीत गुंडाळून सांगतो. इथे सरळ सांगतो. इतकं चांगलं काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. चूक झाली तीही त्यांच्या सभ्यपणाच्या पोटातून आणि वाचवलं तेही त्यानंच. माझ्या दोन ओळी तिथे असत्या तर गेट झटक्यात बंद पडलं असतं, झटक्यात उघडलंही असतं, आणि मधल्या मधे कितीजण नंबराविना उभे राहिले असते कोण जाणे.

पुढचा नंबर पुकारला. एक म्हातारा ड्रायव्हर, डोक्याला पंचा, रंग उडालेला ट्रॅक्टर, मागे एकच ट्रॉली. मघाची संचालकाची गाडी ज्याच्या पुढे घुसली होती तो हाच. एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं, तो त्यात कुठेच नव्हता. बहुधा ट्रॉलीच्या सावलीत पडला होता. त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघितला, ट्रॅक्टर सुरू केला आणि आमच्या समोरून काट्याकडे गेला. कुणाकडे बघितलं नाही, कुणाचे आभार मानले नाहीत. त्याला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. त्याचा नंबर होता, तो गेला.

ताई त्या ट्रॉलीकडे बघत उभ्या होत्या आणि रडत होत्या, उघड, पदर न लावता.